एकवाला

अंगठा आधी हलला, ओळख नंतर पटली. मध्यंतराला अजून चार मिनिटं होती, तरी चौदा नंबरच्या काउंटरची रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि त्या रांगेतला एक माणूस कोपरा वळून भावफलकासमोर आला. त्यानं मान वर केली. ओठ हलवत वाचलं. खालच्या ओळीत काही स्वस्त आहे का ते पाहिलं, पुन्हा पहिल्या ओळीवर आला, जणू मधल्या दोन सेकंदांत भाव उतरला असेल. मग मागच्या माणसाला हातानंच 'तुम्ही व्हा पुढं' असं सांगून तो रांगेतून बाहेर पडला. खांबाला टेकून रांग मोजत उभ्या असलेल्या याच्या उजव्या खिशात मोजणीची टिकटिकी टक् वाजली. गळती, एक. नऊ वर्षांच्या सवयीचा अंगठा तो, त्याला डोळ्यांची परवानगी लागत नव्हती. मग तो माणूस वळला, डावा खांदा खाली सोडून चालू लागला, आणि तसा खांदा साऱ्या शहरात एकाच माणसाचा होता. बस आगाराच्या टायर खात्यात एकतीस वर्षं चाकं उचललेल्या त्याच्या थोरल्या भावाचा. दादाचा. तोंडाशी 'दादा' हा शब्द आला तोवर खिशात आकडा पडून गेला होता, आणि त्या यंत्राला उलटं फिरायची सोय नाही. चुकून दाबलं गेलं तर कागदावर खुलासा लिहावा लागतो. पण हे चुकून कुठं होतं?

उजव्या खिशात गळती, डाव्या खिशात एकवाले. हेच त्याचं काम. स्टेडियममध्ये खाणंपिणं पुरवणाऱ्या कंपनीत तो भाव ठरवायचा, आणि भाव काही टेबलावर बसून ठरत नाही असं त्याचं म्हणणं होतं. भाव माणसाच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेला असतो, आपण तो फक्त वाचायचा आणि फलकावर उतरवायचा. म्हणून प्रत्येक सामन्याला तो दोन्ही खिशांत एकेक मोजणीयंत्र घालून रांगेच्या कडेला उभा राहायचा. रांग सोडून जाणारा तो गळती. आणि एकवाला म्हणजे कुणाला तरी सोबत घेऊन येणारा, एकच जिन्नस घेणारा, तो सोबतच्याच्या हातात देऊन आपण भलतीकडं बघत उभा राहणारा. हा शब्द त्यानंच कंपनीला दिलेला. आता तो साऱ्यांच्या तोंडी बसला होता. 'आज एकवाले किती?' असं काउंटरवरच्या बायका एकमेकींना विचारायच्या, पाऊस किती पडला विचारावं तसं. कुणी कधी विचारलं नव्हतं की पहिला एकवाला कोण.

पहिला एकवाला अठरा वर्षांचा होता आणि त्याच्या हाताला धरून सात वर्षांचा हा. तेव्हाचं मैदान लाकडी फळ्यांचं, बसलं की विजारीला कुसळं लागायची. बाप नव्हता, आई लोकांचे कपडे शिवायची, आणि महिन्यातून एका रविवारी दादा याला सामना बघायला न्यायचा. फळ्यांखाली एक म्हातारा भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पुड्या विकत बसे. दादा एक पुडी घ्यायचा. एकच. 'मला भूक नाही रे, तू खा.' आणि मग खेळाकडं असा डोळे लावून बसायचा, की जणू शेंगदाणे नावाची वस्तू जगात निर्माणच झालेली नाही. याचे खाऊन झाले की 'दे इकडं, फेकतो' म्हणत कागद मागून घ्यायचा, दोन पावलं पलीकडं जाऊन पाठ करून उभा राहायचा. एकदा यानं फळ्यांच्या फटीतून वाकून पाहिलं. दादानं कागद उलगडला होता, बोट ओलं करून घडीतलं मीठ टिपत होता, एकेक कण, घाई न करता. सात वर्षांच्या पोराला तेवढंही कळतं. त्यानं ते पाहिलं हे त्यानं दादाला कधी सांगितलं नाही. आईला नाही, लग्न मोडण्याआधी बायकोला नाही. बावीस वर्षं ती गोष्ट त्यानं पोटात ठेवली आणि आठ महिने बेकार असताना एका मुलाखतीत, समोर बसलेल्या अनोळखी बाईला सांगून टाकली.

बाईंनी विचारलं होतं, 'माणूस किती देईल हे तुम्ही कसं ओळखाल?' त्याच्या आधीचे उमेदवार इतर शहरांतले दर पाठ करून आले होते. त्याला काहीच येत नव्हतं, म्हणून त्यानं पुडी सांगितली. मीठ सांगितलं. सांगताना आपला आवाज भरून येतोय हे कळत होतं आणि तो येऊ द्यावा हेही कळत होतं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

'म्हणजे भूक होती.'

'होती ना.'

'आणि पैसे? दुसऱ्या पुडीचे?'

'होते. पण ते परतीच्या बसचे.'

'तुम्ही सोबत नसता तर चालत गेला असता आणि पुडी खाल्ली असती?'

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. 'मी सोबत नसतो तर मैदानावर आलाच नसता.'

मॅडम हसल्या नाहीत. त्या वाईट बाई नव्हत्या, आजही नाहीत. सावकाश म्हणाल्या, 'म्हणजे सोबत पोर असलं की माणूस देतो. पण एकदाच देतो.' पुढच्या सोमवारी तो कामाला लागला, आणि त्या मोसमात सगळ्या काउंटरवरून लहान आकार बंद झाला. माणूस एकदाच देणार असेल तर ते एकदा मोठं असू दे. कागदावर ते वाक्य त्याच्या सहीनं आहे. मग गाडं लागलं रुळाला. भावफलक आधी दारासमोर होता, तो त्यानं कोपऱ्याआड नेला, कारण नऊ मिनिटं उभा राहिलेला माणूस सहसा मागं फिरत नाही, त्याला स्वतःच्या नऊ मिनिटांची लाज वाटते. बाटलीचं झाकण काउंटरवरच काढून घ्यायचं, 'फेकाफेकी नको' म्हणून. खरं म्हणजे उघडी बाटली पिशवीत ठेवून तिघांत पुरवता येत नाही. मीठ थोडं वाढवलं. बाहेर ज्या पैशात दोघं पोटभर जेवतील तेवढ्याला आत पाण्याची एक बाटली. दारावर आधी 'बाहेरचे खाद्यपदार्थ व पाणी आणण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती, लोक हुज्जत घालायचे. त्यानं ती बदलून 'आपल्या सुरक्षिततेसाठी' हे दोन शब्द वर घातले. सुरक्षिततेशी कोण भांडणार?

आणि दादा इथं कसा, तर पास त्यानंच पाठवले होते. दोन पास, पाकिटात घालून, चिठ्ठी न लिहिता. आई गेल्यानंतर चार वर्षं भेट नव्हती. भांडण झालं असतं तर बरं, भांडण मिटवता येतं. यांच्यात नुसती धूळ साचली होती. शहराच्या दोन टोकांना दोघं, आणि एक फार जुनी अडचण, की दादा त्याच्याकडून काही घेत नसे. नोकरी लागल्यावर त्यानं नेलेला स्वेटर, 'मापात बसत नाही रे.' घरी जेवायला बोलवावं तर, 'जेवूनच निघालो बघ.' पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि पाण्याचा पेलासुद्धा अर्धा ठेवायचा. ज्याला जन्मभर भरवलं त्याच्याकडून घास घ्यायचा कसा, हे दादाला ठाऊकच नव्हतं. आणि ह्याला तर दुसरं काहीच नको होतं. एकदा, फक्त एकदा दादानं त्याच्या हातचं काहीतरी पोटभर घ्यावं, म्हणजे त्या मुलाखतीतलं ते पेन पुन्हा उचललं जाईल, ते वाक्य कुणीच बोललेलं नसेल, असं काहीतरी वेडंविद्रं त्याच्या मनात होतं. पास पाठवताना आत गेल्यावर माणसाला तहान लागते हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या. ज्याला त्या तहानेचाच पगार मिळतो.

निरीक्षण पत्रक. काउंटर : चौदा. रांग सोडणारा : पुरुष, पन्नाशीच्या आसपास. फलकासमोर थांबला : सुमारे वीस सेकंद. सोडण्याचं कारण, योग्य त्यावर खूण करावी : भाव. उशीर. खेळ सुरू झाला. इतर. 'इतर'च्या पुढे दीड इंचाची रेघ असते. नऊ वर्षांत त्या रेघेवर त्यानं काही लिहिलं नव्हतं. दीड इंचात काय मावणार?

हाक मारायला हवी होती. त्यानं मारली नाही. रांग सोडलेली माणसं पुढं कुठं जातात हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पत्रकात तसा रकानाच नाही, आणि आता तो दहा पावलं मागं राहून दादाच्या मागं चालला होता, कामावर असल्यासारखा. दादा स्वच्छतागृहात गेला. बेसिनसमोर उभा राहिला. नळावर पाटी होती, 'हे पाणी पिण्यासाठी नाही.' ती पाटी मात्र याची नव्हती, एवढं बरं. दादानं ती वाचली. ओंजळ भरली, नाकाशी नेली, सोडून दिली. मग पुन्हा थोडं पाणी घेऊन फक्त ओठ ओले केले, मिशी ओली केली, आणि रुमालानं न पुसता तसाच बाहेर पडला. दाराआड उभ्या असलेल्या ह्याला आधी समजलंच नाही, समजलं ते वर गेल्यावर. बावीस पायऱ्या वर, जागेवर वहिनी बसली होती. दादा तिला म्हणत होता, 'मी घेतलं तिथंच घोटभर. तुला आणणार होतो तर संपलं त्यांचं. एवढं मोठं स्टेडियम आणि पाणी संपतं म्हणजे बघ.'

तेव्हा त्यानं शहाण्यासारखं निघून जायला हवं होतं. पण त्याला वाटलं हीच वेळ आहे. तो धावत खाली गेला, आपल्या ओळखीच्या काउंटरवर मागच्या बाजूनं शिरला, तीन बाटल्या, तीन मोठे डबे, गरम, मीठ लावलेलं, तळलेलं, जे जे दिसलं ते घेतलं, पैसे मोजले नाहीत, फेकले, आणि ट्रे दोन्ही हातांत धरून वर आला. मध्यंतर झालं होतं, जिन्यावर माणसं उलट्या दिशेनं येत होती आणि तो त्यांच्यातून 'जाऊ द्या हो, जरा जाऊ द्या' करत चढत होता. वहिनीनं पहिल्यांदा पाहिलं.

'अगंबाई! भाऊजी!' ती उठून उभीच राहिली. 'किती वाळलात हो. आणि हे काय सगळं?' मग तिची नजर ट्रेवर थांबली, तीन बाटल्यांवर, थंड, घाम आलेल्या. ती नवऱ्याकडं वळली. 'अहो, संपलं म्हणालात ना पाणी?'

ट्रे किती जड असतो हे त्याला तेव्हा कळलं. दादाची मिशी अजून ओली होती.

'साहेबांसाठी राखून ठेवत असतील गं,' दादा म्हणाला आणि हसला. 'आपल्याला कोण देतंय? हा इथला साहेब आहे. ये रे, बस. ऊन लागतंय का तुला?'

दादानं सांभाळून घेतलं. नेहमीसारखं, जणू पाठ करून उभं राहून. वहिनीनं बाटली घेतली, दोन मोठे घोट घेतले, आणखी घेणार होती पण थांबली. 'केवढ्याला पडतं हो हे, भाऊजी?'

'मला फुकट मिळतं,' तो म्हणाला.

'मग ठीक,' दादा म्हणाला. 'पण एवढं कशाला आणलंस? आम्ही दाबून जेवून आलोय.'

'कसलं दाबून,' वहिनी म्हणाली. 'सकाळी सहा अंडी उकडली होती, तुमचीपण दोन धरून. मिठाची पुडी वेगळी बांधली. दारावरच्या मुलीनं डबा उघडला आणि पिंपात पालथा केला की हो! मी म्हटलं, बाई, तूच खा, पण टाकू नकोस. तर म्हणते, तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे. अंड्यांनी काय स्फोट होतो?'

'तिचं काम आहे ते,' दादा म्हणाला. 'तिला कशाला बोल लावायचा.'

'दादा, खा ना,' तो म्हणाला. 'गार होतंय.'

'पोट तुडुंब आहे रे. परत देता येत नसेल ना? मग असं कर.' आणि त्यानं ट्रे हळूच त्याच्या हातातून काढून मागच्या ओळीत बसलेल्या एका बाईच्या मांडीवर ठेवला, तिच्याजवळ तीन पोरं होती. 'घ्या हो, आमच्या धाकट्यानं जास्तीचं आणलंय.' बाई नको नको म्हणेपर्यंत पोरांचे हात पडले होते. तो बघत राहिला. तीन मोठे डबे, त्याच्या हिशेबात बसवलेले, एकट्या माणसालाही संपवता येतील असे, पोरांनी बघता बघता फस्त केले. दादा त्यांच्याकडं बघत नव्हता. दादा रिकाम्या मैदानाकडं बघत होता.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा दादानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. टायरच्या रबरानं कायमचा काळपट झालेला हात. 'तुझं काम काय रे इथं नेमकं? हिला किती वेळा सांगतो मी, काहीतरी मोठं आहे. पण मलाच धड सांगता येत नाही.'

'रांगा,' तो म्हणाला. 'लोकांना रांगेत त्रास होऊ नये, ते बघतो.'

'बघ! म्हटलं होतं ना?' दादानं वहिनीला कोपरानं ढोसलं. मग आवाज खाली आणला, दुसऱ्यानं ऐकू नये असा. 'मग एक करशील? तुला फुकट मिळतं म्हणून तुझ्या लक्षात आलं नसणार, पण पाण्याचा भाव बघ जरा कधीतरी. मी तक्रार करत नाही हं. माझं काय, मी घेतलं. पण लोक पोरं घेऊन येतात. साहेबांच्या कानावर घाल नुसतं. तू सांगितलंस तर ऐकतील.'

'घालतो,' तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? जमीन दुभंगत नाही, तीही सिमेंटची होती.

त्यानं खरंच घातलं. सोमवारी. मॅडम घरून आणलेल्या थर्मासमधून कोमट पाणी पीत होत्या, बाहेरचं पाणी त्यांना सोसत नसे. तो म्हणाला, लोकांना पाणी परवडत नाही. मॅडमनी आकडा विचारला. गळती एकशे छत्तीस, त्यानं सांगितलं. 'मागच्या सामन्यापेक्षा कमीच आहे,' त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडं नीट बघून, 'काय झालंय तुम्हाला?'

'त्यातला एक माझा भाऊ होता.'

'तो? शेंगदाण्याच्या पुडीवाला?'

'तोच.'

मॅडमना मनापासून वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. 'मग? गेला निघून?'

'नाही. शेवटपर्यंत बसला.'

'तसाच? तहानलेला?'

'तसाच.'

आणि मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते टेबलाला टेकताना झालेला बारीकसा आवाज त्यानं ओळखला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्यानं पुन्हा काहीतरी देऊन टाकलं होतं. 'म्हणजे,' मॅडम स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, 'जो घेत नाही, तो जातही नाही. आपण इतकी वर्षं उगाच घाबरत होतो.' त्या उठून खिडकीशी गेल्या. मग वळल्या आणि खरंच आनंदानं म्हणाल्या, 'फुकट पाणी देऊ या. एक नळ. पेपरवाले कधीचे मागं लागलेत, त्यांचंही तोंड बंद होईल. तुमच्या भावाचा मान राखायला हवा. फक्त काउंटर रिकामे पडता कामा नयेत, एवढी जागा तुम्ही शोधून द्या. रांगेतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?'

नसण्यापेक्षा बरं, असं म्हणत त्यानं कामाला सुरुवात केली. नसण्यापेक्षा बरं, असं तो दात घासताना म्हणे, जिना चढताना म्हणे. नळ उत्तरेच्या स्टँडच्या पाठीमागं, जिथून मैदान दिसत नाही, नसण्यापेक्षा बरं. माणूस फुकटच्या गोष्टीसाठीही अकरा मिनिटांच्या वर खेळाकडं पाठ करून उभा राहत नाही, खिशात पैसे असतील तर. म्हणून रांग अकराच्या पुढं जायला हवी, म्हणजे ज्याला परवडतं तो वैतागून काउंटरकडं वळेल आणि ज्याला परवडत नाही तो उभा राहील. धार किती बारीक म्हणजे रांग किती लांब, हे त्यानं घरी मोरीत बसून, घड्याळ समोर ठेवून काढलं. पेला कागदाचा, टोकदार बुडाचा, खाली ठेवता न येणारा, दोन घोटांचा. तो भरून जागेवर नेता येत नाही, तिथंच प्यावा लागतो. आणि आता पाणी फुकट मिळतंच आहे म्हटल्यावर बाटलीचा भाव एक पायरी चढवायला कुणाची हरकत उरली नाही. आई म्हणायची, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. पण दांड्याला तरी काय विचारून जोडतात का? नाही, त्याला विचारून जोडलं होतं. त्यानं अर्ज केला होता. त्यानं योजनेच्या तिन्ही प्रतींवर सही केली, आणि त्या रात्री झोप गाढ लागली, हे त्याला सकाळी फार विचित्र वाटलं.

तीन महिन्यांनी मोसम उघडला. आदल्या दिवशी दादाचा फोन. फोनवर तो नेहमी ओरडून बोलायचा, मधलं अंतर गळ्यानं भरून काढायचं असल्यासारखा. 'वाचलं रे पेपरात! कात्रण आगारात फळ्यावर लावलंय. सगळ्यांना सांगितलं, नुसता एक शब्द टाकला होता मी. उद्या येतोय आम्ही सहाजण. नाही नाही, पास नको, तिकिटं काढलीत. तू फक्त ये तिकडं नळावर, मी तिथंच असेन.'

तो गेला. उत्तरेच्या स्टँडवर चढणाऱ्या पुलावरून खाली सगळं दिसत होतं. एक नळ, त्याच्यासमोर रांग, भिंतीला वळसा घालून कचऱ्याच्या पिंपांपर्यंत गेलेली. आखली होती त्याहून लांब. वडीलधारी माणसं, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, एक काठीवाला. सगळ्यांचे चेहरे सिमेंटच्या भिंतीकडं. दादा मध्यावर होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि पुढच्यामागच्यांना हातवारे करून सांगत होता; आगारातली माणसं केव्हाच कंटाळून जागेवर गेली असावीत.

'माझ्या पाठचा भाऊ. त्यानं केलंय हे सगळं.'

'मग दोन नळ बसवायला सांगायचं होतं की भावाला!' कुणीतरी म्हणालं आणि रांग हसली.

'सुरुवात आहे हो,' दादा म्हणाला. 'दुसराही बसेल. त्याला माणसाची कळकळ आहे.'

तेवढ्यात भिंतीपलीकडं प्रचंड आरोळी उठली. जमीन हादरली, नळाची धार थरथरली. गोल झाला होता. रांगेतल्या साऱ्या माना एकदम भिंतीकडं उचलल्या गेल्या, जणू सिमेंटमधून काही दिसेल. 'कुणी मारला?' 'कुणी मारला हो?' कुणालाच ठाऊक नव्हतं. हळूहळू माना खाली आल्या आणि रांग एक पाऊल पुढं सरकली.

दादाचा नंबर आला. पेला धारेखाली धरून तो वाट बघत राहिला, भरला तसा तोंडाला लावला आणि डोळे मिटून प्यायला. शेवटचा थेंब मान मागं टाकून घेतला. पुलावर उभ्या असलेल्या त्याला आपल्या घशात काहीतरी उतरल्यासारखं झालं. एकोणपन्नास वर्षांच्या त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडून काही घेतलं होतं, सगळं, तळापर्यंत, आणि मिटलेल्या डोळ्यांनी. धावत खाली जावं, तो पेला हिसकावून घ्यावा, ओरडून सांगावं, की ही धार मी मोरीत बसून मोजलीय, दादा. तो खाली गेला. धावत नाही. पायऱ्या मोजत.

'हा बघा आला!' दादा ओरडला. 'हाच तो!' खांद्याभोवती त्याचा जड हात पडला. रांगेतली तोंडं वळली. कुणी मान डोलावली, काठीवाल्यानं काठी कपाळाशी नेली. अगदी शेवटी, पिंपांपाशी, झोपाळलेलं पोर खांद्यावर घेऊन एक बाई उभी होती. तिनं तिथूनच विचारलं, 'साहेब, सामना संपायच्या आत येईल का हो आमचा नंबर?'

त्यानं रांगेकडं पाहिलं. तिचा नंबर किती मिनिटांनी हुकणार हे त्याला ठाऊक होतं.

'येईल,' तो म्हणाला.

'येणार म्हणजे येणारच,' दादा म्हणाला. 'तो सांगतोय ना.'

बाईनं पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि ती रांगेतच उभी राहिली.